सुहृदाची ओंजळ

गीताशास्त्राचा उपदेश स्वजनांच्या मृत्यूच्या प्रसंगातून निर्माण झाला, हे आपण सर्वजण जाणतो. मात्र पहिल्या अध्यायात अर्जुनाने दोन्ही सैन्यांकडे दृष्टी टाकली तेव्हा त्यास पिते, पितामह, आचार्य, मामा, बंधू आणि पुत्र एवढेच दिसले नाहीत. त्या यादीत भगवान व्यासांनी सख्यांचा व सुहृदांचाही उल्लेख केला आहे. ज्यांच्याशी रक्ताचा संबंध नाही, ज्यांच्या पिंडाचा भार आपल्यावर नसतो, अशांच्या मरणाच्या कल्पनेनेही अर्जुनाचे हात गळाले. नातलग गेल्यावर काय करावे हे गृहस्थास पुरोहित सांगतो. पण मित्र गेला असता काय करावे, हे त्यास सहसा कोणी सांगत नाही. तो स्मशानापर्यंत जातो, स्नान करून घरी परततो, चार दिवस उदास राहतो आणि पुन्हा आपल्या व्यवहारास लागतो. एवढ्याने मित्रधर्म पुरा होतो काय, या प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे.

मित्र आणि सुहृद

संस्कृत ग्रंथांचे मराठीत भाषांतर करणारास एक अडचण वारंवार येते. सखा, मित्र, सुहृद हे तीन शब्द मुळात वेगवेगळे असतात आणि भाषांतरात तिघांचाही 'मित्र' होऊन जातो. वाचकाचे काही अडत नाही. पण अर्थाचा एक अंश हरवतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात समबुद्धी पुरुषाचे वर्णन आहे. तेथे सुहृद, मित्र, शत्रू, उदासीन, मध्यस्थ, द्वेष्य व बंधू अशी माणसांची निरनिराळी नाती क्रमाने सांगितली आहेत. सुहृद आणि मित्र हे शब्द तेथे शेजारी शेजारी आले आहेत. अर्थात ते एकाच अर्थाचे नाहीत. श्रीमच्छंकराचार्यांनी आपल्या भाष्यात हा भेद अगदी थोडक्या शब्दांत स्पष्ट केला आहे. त्यांच्या विवरणाचा आशय असा की, ज्याच्या ठिकाणी स्नेह आहे तो मित्र. आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता जो उपकार करतो तो सुहृद.

हा भेद सूक्ष्म असला तरी प्रत्येक गृहस्थास आपल्या आयुष्यात तो पडताळून पाहता येईल. स्नेह हा दोघांत वाहणारा असतो. मी मित्राकडे जातो, तो माझ्याकडे येतो. मी त्याच्या मुलीच्या लग्नात राबतो, तो माझ्या आजारपणात उशाशी बसतो. यात हिशेब नसतो असे आपण म्हणतो, आणि ते खरेही असते. तथापि देणे व घेणे दोन्ही चालू असल्यामुळे त्यातील निरपेक्षता किती, हे कळावयास साधन नसते. एक दिवस दोघांपैकी एकजण जातो. आता त्याच्याकडून काहीही येणार नाही. पत्र येणार नाही, आपण काही केले तर त्याचे कौतुक करावयास तो नाही, न केले तर रागे भरावयासही नाही. त्या घडीस आपल्यातील मित्र उघडा पडतो आणि सुहृद आहे की नाही याची परीक्षा सुरू होते.

शास्त्राने दिलेला एक दिवस

या बाबतीत धर्मशास्त्राने फार मार्मिक व्यवस्था केली आहे. सपिंडांना दहा दिवसांचे आशौच सांगितले आहे. सहाध्यायी, म्हणजे एका गुरूपाशी ज्याच्यासह ब्रह्मचर्याश्रमात अध्ययन केले तो, निवर्तला असता मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात एका दिवसाचे आशौच सांगितले आहे. दहा दिवस नाहीत, परंतु शून्यही नाही. तुझेही काही गेले आहे, एवढे शास्त्राने त्या एका दिवसाने मान्य केले.

पाण्याच्या बाबतीतही असेच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात आरंभीच प्रेताला द्यावयाच्या उदकाचा विचार आला आहे. सगोत्रांनी उदक द्यावेच. ते न दिल्यास दोष आहे. त्यापुढे सखा, विवाहित कन्या किंवा भगिनी, भाचा, सासरा व ऋत्विज यांच्यासाठी 'कामोदक' सांगितले आहे. कामोदक म्हणजे इच्छेने द्यावयाचे उदक. मिताक्षरेत याचा अर्थ असा लावला आहे की, इच्छा असेल तर द्यावे. न दिल्याने प्रत्यवाय लागत नाही. म्हणजे मुलगा बापाला पाणी देतो ते कर्तव्य म्हणून, आणि मित्र मित्राला पाणी देतो ते केवळ आपल्या मनाने.

येथे गीतेचा अभ्यासक क्षणभर थबकेल. गीता कामाचा त्याग करावयास सांगते; मग ज्याच्या नावातच काम आहे असे हे उदक साधकास कसे मानवावे? याचे उत्तर गीतेनेच सातव्या अध्यायात दिले आहे. धर्माशी विरोध न करणारा जो काम प्राणिमात्रांत आहे, तो मीच, असे भगवान तेथे सांगतात. शिवाय या इच्छेस फळ कोणते आहे? पाणी देणारास वारसा नाही, पुण्याची हमी नाही, आणि ज्याला द्यावयाचे तो उलट काही देऊ शकत नाही. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे जे लक्षण आले आहे, त्यात घेणारा हा परतफेड न करणारा असावा, अशी अट आहे. मृत मित्राहून ही अट अधिक पूर्णपणे कोण पाळील? म्हणून मित्राची ती ओंजळभर पाण्याची देणगी सात्त्विक दानाचा अत्यंत शुद्ध नमुना होय. आपल्या भाषेत 'तिलांजली देणे' याचा अर्थ एखादी गोष्ट कायमची सोडून देणे असा रूढ झाला आहे. शास्त्रात मात्र तिलांजली ही संबंध सांगण्याची क्रिया आहे. नाव व गोत्र उच्चारून, वाणी आवरून, हा माझा होता असे त्यात म्हणावयाचे असते.

काशीतील एक प्रसंग

महाराष्ट्राचा व काशीचा या शास्त्राच्या बाबतीत जुना संबंध आहे. पैठणहून काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्ट यांचा जन्म इ. स. १५१३ चा. त्यांनी अन्त्येष्टिपद्धती लिहिली आणि काशी, प्रयाग व गया या तीन क्षेत्रांच्या विधींवर 'त्रिस्थलीसेतु' रचिला. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांचा 'निर्णयसिंधु' इ. स. १६१२ मध्ये पूर्ण झाला. आणि त्याच कुळातील गागाभट्टांनी इ. स. १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य केले. महाराष्ट्रातील पुरोहित आजही ज्या ग्रंथांचा आधार घेऊन अंत्यविधी चालवितात, त्यांतील कित्येक ग्रंथ गंगेच्या काठी, मराठी घरांतून लिहिले गेले आहेत. परंतु ग्रंथातील वचन आणि हातातील पाणी यांत अंतर असते. ते अंतर मिटण्याचा प्रसंग गेल्या मार्गशीर्षात काशीतच आला, तो वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आम्ही सहाजण तरुणपणी काशीत एकाच गुरुजींपाशी व्याकरण शिकलो. पुढे पाचजण पांगलो. एक नाशकास पौरोहित्य करू लागला, एक नागपुरास महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागला, एक इंदुरास वैद्य झाला, एक पुण्यास बँकेत लागला आणि मी भाषांतराच्या कामात पडलो. सहावा काशीतच राहिला. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीतील आपल्या घरी तो रोज सकाळी चार-पाच मुलांना काहीही न घेता कौमुदी सांगत असे. त्याची प्रकृती फार ढासळल्याचे वहिनींनी दूरध्वनीवरून कळविले, तेव्हा आम्ही पाचहीजण दोन दिवसांत तेथे पोहोचलो. त्याला बोलवत नव्हते. ओळख मात्र होती. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने देह ठेवला.

आम्हा पाचांपैकी वैद्य आणि बँकेतील गृहस्थ यांच्यात पैशाच्या एका व्यवहारावरून अकरा वर्षे बोलणे नव्हते. त्या दोन दिवसांत एकजण खाटेच्या उजवीकडे व दुसरा डावीकडे बसे; दोघेही आजाऱ्याशी बोलत आणि एकमेकांकडे पाहत नसत. आजारी मात्र एकदा याच्याकडे व एकदा त्याच्याकडे पाही.

मणिकर्णिकेवर सतरा वर्षांच्या मुलाने अग्नी दिला. चिता शांत होईपर्यंत तीन तास गेले. मुलाने खांद्यावर मडके घेऊन प्रदक्षिणा केल्या, अश्म्याने त्यास छिद्रे पाडली गेली आणि त्याच अश्म्यावर सगोत्रांनी तिलोदक दिले. त्यानंतर पुरोहित म्हणाले, "आता ज्यांची इच्छा असेल त्यांनी द्यावे." याज्ञवल्क्यांचे कामोदक ते हेच, हे आम्हा सर्वांच्या एकदम लक्षात आले. गोत्र कोणास विचारावे लागले नाही. रोज सायंकाळी गुरुजींना अभिवादन करताना प्रत्येकजण आपले गोत्र व प्रवर मोठ्याने उच्चारीत असे. सव्वीस वर्षांनंतरही ते सर्वांच्या कानांत होते. तिळाचा द्रोण एकच होता. तो हातोहात येत वैद्यांपाशी आला. त्यांनी आपले तीळ घेतले आणि शेजारी उभ्या असलेल्या त्या गृहस्थापुढे द्रोण धरून ते म्हणाले, "तीळ घे." अकरा वर्षांनंतरचे ते पहिले बोलणे होते. त्याने तीळ घेतले.

त्या दोघांचे वैर त्या क्षणी संपले असे मी म्हणत नाही. व्यवहार व्यवहाराच्या ठिकाणी आहे आणि त्याचा निकाल रीतसर लागावयाचा आहे. परंतु ज्याला काहीही परत मिळणार नाही अशाला द्यावयास दोघेही एकाच पायरीवर उभे होते. तेथे हिशेबाची भाषा चालत नाही, हे दोघांनाही जाणवले, एवढे खरे.

सचैल स्नान करून आम्ही घाटाघाटाने उत्तरेकडे चालू लागलो. शिंदे घाट, भोसले घाट मागे पडले आणि गणेश घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. बोलता बोलता एक गोष्ट उघड झाली. आम्हा प्रत्येकास दरवर्षी दिवाळीनंतर त्याचे एक पत्र येत असे. त्यात स्वतःविषयी दोन ओळी असत. बाकी सारे पत्र उरलेल्या चौघांच्या हकिकतीने भरलेले असे. कोणाचा मुलगा कोणत्या वर्गात गेला, कोणाच्या आईचे डोळ्याचे काम झाले, हे आम्हांस परस्परांकडून कळत नव्हते, त्याच्याकडून कळत होते. वैद्यांना बँकेतील मित्राची आणि त्याला वैद्यांची खुशाली अकरा वर्षे त्यानेच पुरविली होती. समेटाचा आग्रह त्याने एकदाही धरला नाही. आम्ही सहाजण एकमेकांचे मित्र आहोत, असा आमचा समज होता. प्रत्यक्षात आम्ही पाचजण त्याचे मित्र होतो, आणि एकमेकांपर्यंत पोहोचण्याची वाट त्याच्या घरावरून जात होती. प्रत्येक मित्रमंडळीत असा एकजण असतो. तो असेतो इतरांना त्याची जाणीव नसते. तो गेला की मंडळी आपोआप विस्कटते, आणि दोष काळाला दिला जातो.

दोन शंका व त्यांचे समाधान

येथे विचारी वाचकाच्या मनात दोन शंका येतील. पहिली अशी की, शहाणे लोक गेलेल्यांचा व जिवंत असलेल्यांचाही शोक करीत नाहीत, असे भगवंतांनी उपदेशाच्या आरंभीच सांगितले आहे. शिवाय काशीत मरणाऱ्याच्या कानात साक्षात विश्वनाथ तारकमंत्र सांगतात, अशी श्रद्धा आहे. मग काशीत गेलेल्या मित्राकरिता डोळ्यांत पाणी येणे हे अज्ञानच नव्हे काय?

यावर उत्तर असे की, भगवंतांनी अर्जुनाच्या ज्या शोकाचा निषेध केला, त्या शोकाने त्याच्या हातातील धनुष्य खाली ठेवविले होते. शोकाचे निमित्त करून प्राप्त कर्म टाळणे, आणि त्या टाळण्यास धर्माचे नाव देणे, हा तेथे दोष होता. ज्याचे धनुष्य हातातच आहे त्याच्या डोळ्यांत पाणी आले, तर गीता त्यास दूषण देत नाही. उलट बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगावयास प्रारंभ करताना, तो कोणाचा द्वेष करीत नाही, सर्वांशी मैत्री ठेवतो आणि करुणावान असतो, असेच पहिल्याने सांगितले आहे. ज्याचे हृदय दगडासारखे झाले आहे त्यास मैत्रही म्हणता येत नाही व करुणही म्हणता येत नाही. स्मृतिकारांनी अश्रूंचीही मर्यादा घातली आहे. बांधवांनी गाळलेले अश्रू प्रेतास नाइलाजाने प्यावे लागतात, म्हणून रडत न बसता यथाशक्ती क्रिया करावी, असे याज्ञवल्क्य सांगतात. यात रडणाऱ्याची निर्भर्त्सना नाही. गेलेल्याविषयीचे प्रेम रडण्यातून काढून कामात घालावे, एवढाच त्याचा रोख आहे.

दुसरी शंका अशी. अशा प्रसंगी जुने सोबती अनेक वर्षांनी भेटतात. भेटीचा आनंद होतो, जुन्या आठवणी निघतात, एखाद्या आठवणीने हसूही येते. गणेश घाटावर आम्हीही हसलो. गुरुजींनी विचारलेल्या सूत्राचे उत्तर आमच्या मित्राने झोपेत दिले होते, ती गोष्ट नागपूरच्या मित्राने सांगितली तेव्हा मुलगाही हसला; सकाळपासून त्याचा चेहरा प्रथमच सैल झाला. हे मृताच्या मर्यादेस सोडून झाले काय?

याचेही उत्तर स्मृतीतच आहे. उदक दिल्यानंतर बांधव कोवळ्या हिरवळीवर बसले असता जाणत्यांनी जुन्या कथा सांगून त्यांचा शोक दूर करावा, अशी याज्ञवल्क्यांची आज्ञा आहे. मनुष्यदेह केळीच्या खांबासारखा गाभारहित व पाण्यावरील बुडबुड्यासारखा क्षणिक आहे, पाच भूतांचे शरीर पाच भूतांत गेले तर त्यात नवल कसले, असा विवेक त्या कथांतून द्यावयाचा असतो. नंतर मुलांना पुढे घालून घरी यावे आणि दाराशी कडुलिंबाची पाने चावून मग आत जावे. मुलांना पुढे घालण्याच्या आज्ञेत शास्त्राची दृष्टी दिसते. स्मशानातून परतताना पुढे चालावयाचे ते लहानांनी. मोठ्यांची नजर त्यांच्यावर असावी. म्हणून आठवणी निघाव्यात, हसूही यावे. पण त्या आठवणी मृताच्या मुलांना आधार देणाऱ्या असाव्यात. आपल्या बढतीच्या, घराच्या व प्रवासाच्या गप्पा तेथे नकोत. मणिकर्णिकेसारख्या ठिकाणी लोक हातातील यंत्राने जळत्या चितेची छायाचित्रे घेताना आढळतात. तसे वर्तन गृहस्थास शोभत नाही.

आळंदीचा दाखला

मित्राच्या अखेरच्या निरोपास जमलेल्या सोबत्यांचे सर्वांत थोर उदाहरण महाराष्ट्राने आळंदीस पाहिले आहे. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीस श्रीज्ञानेश्वरमहाराजांनी समाधी घेतली. संतमंडळी त्या वेळी इंद्रायणीकाठी जमली होती. त्यांत नामदेवराय होते. या दोघांनी मिळून उत्तरेकडील तीर्थयात्रा केली व त्या यात्रेत ते काशीसही आले होते, असे परंपरा सांगते. गीतेवर भावार्थदीपिका लिहिणारा महापुरुष स्वेच्छेने देह ठेवीत होता. तेथे शोकाला कारण काय? तरीही नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत जे वर्णन केले आहे, त्यात स्वतः निवृत्तिनाथांचा धीर सुटल्याचे त्यांनी लपविले नाही. जे ज्ञानदेवांचे वडील बंधू आणि गुरूही, त्यांच्याही ठिकाणी प्रेमाचा बांध फुटला. ज्ञान अपुरे असल्यामुळे तसे झाले, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

पुढील वर्ष पुरे होण्यापूर्वीच सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीतीरी व निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी गेले. जवळचे कोणी उरले नाही, नामदेवराय उरले. ते जातीने शिंपी, ज्ञानदेवांच्या कुळाशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि शास्त्राने त्यांच्यावर कसलेही ओझे टाकले नव्हते. त्यांनी जे केले ते केवळ आपल्या मनाने. आपल्या सख्याचे चरित्र, त्याची यात्रा आणि त्याचा निरोप त्यांनी अभंगांत सांगून ठेवला. परंपरेप्रमाणे त्यानंतर ते आणखी चौपन्न वर्षे जगले व इ. स. १३५० मध्ये त्यांनी देह ठेवला. भक्तीचा तोच ध्वज घेऊन ते पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली आहेत. आज आळंदीच्या त्या दिवसाचे चित्र वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते, ते मुख्यतः नामदेवरायांनी पाहिलेले व सांगितलेले आहे. इतके मोठे कामोदक दुसरे कोणते दाखविता येईल?

याच्या उलट एक प्रसंग महाभारतात आहे. स्त्रीपर्वाच्या अखेरीस गंगेच्या काठी सर्व मृतांना उदक देण्याची वेळ आली, तेव्हा कुंतीने कर्ण हा आपला ज्येष्ठ पुत्र असल्याचे सांगितले. युधिष्ठिराने त्यास भाऊ म्हणून पाणी दिले. परंतु भाऊ म्हणून एक शब्द बोलण्याची संधी त्याला कधीही मिळाली नाही. पाण्याच्या काठावर उघड होणाऱ्या पुष्कळ गोष्टी घरी, वेळेवर, सांगता आल्या असत्या. ज्यांच्याशी आपण अबोला धरून बसलो आहोत त्यांचे स्मरण या कथेने प्रत्येकास व्हावे.

गृहस्थाने काय करावे

वरील विवेचनावरून मित्राच्या मृत्यूनंतर गृहस्थाचे आचरण कसे असावे, हे थोडक्यात असे सांगता येईल.

१. शक्य असेल तर शेवटच्या आजारातच जावे. अंत्ययात्रेस जाणे चांगलेच. परंतु ओळख असताना घेतलेली भेट दोघांच्याही उपयोगी पडते. तेथे भगवन्नाम घ्यावे; वैद्यकीय सल्ल्यांचा भडिमार करू नये.

२. कोणतेही सक्तीचे विधान नाही म्हणून ओंजळभर पाणी देण्यास संकोचू नये. सहाध्यायी असेल तर तो एक दिवस व्रतस्थ राहावे. ज्याला विधी शक्य नाही त्याने त्या दिवशी गीतेचा एक अध्याय वाचून तो मनाने मित्रास अर्पण करावा.

३. मृताने हाती घेतलेले एखादे काम आपल्यास झेपेल तर उचलावे. आमच्या मित्राच्या विद्यार्थ्यांचा पाठ नागपूरच्या मित्राने दूरध्वनीवरून चालू ठेवला आहे. त्याची व्याकरणावरील टिपणे नीट लावण्याचे काम माझ्या वाट्यास आले. वर्षाचे ते पत्र यापुढे नाशिकचा मित्र सर्वांना लिहिणार आहे.

४. घरच्या स्त्रीमुलांना दहाव्या-तेराव्यानंतर खरी गरज लागते. गर्दी ओसरते आणि कागदपत्रांची निकड सुरू होते. बँक, विमा, घराची नोंद, मुलांचे शुल्क यांत जाणत्या मित्राने न विचारता उभे राहावे. मात्र निर्णय घरच्यांचे असू द्यावेत. आमच्याकडे हे काम बँकेतील मित्र व वैद्य यांनी मिळून पाहिले.

५. मित्राकडून आणलेले पुस्तक, भांडे किंवा पैसे, साक्षीदार कोणी नसला तरी, तत्काळ परत करावे.

६. उरलेल्या सोबत्यांशी संबंध तुटू देऊ नये. गेलेल्याचे प्रेम त्यांच्यात वाटलेले असते.

या सर्व गोष्टी करताना मी केले असा भाव येऊ नये, यासाठी साधकाने एक अनुसंधान ठेवावे. पाचव्या अध्यायाच्या शेवटच्या श्लोकात भगवंतांनी स्वतःस सर्व प्राणिमात्रांचा सुहृद म्हटले आहे आणि मला असा ओळखणारा शांती पावतो, असे सांगितले आहे. नवव्या अध्यायातही तेच नाव त्यांनी आपल्याला घेतले आहे. आपण त्यांस काय परत देतो? श्वास, अन्न, पाणी, आईबाप व सोबतीही त्यांनीच दिले. घेणारा बहुधा आभारही मानीत नाही. परतफेड न मागता देत राहणे हे मुळात भगवंतांचे कर्म आहे. मेलेल्या मित्रासाठी मनुष्य जे निरपेक्षपणे करतो, त्यात त्या कर्माचा एक थेंब असतो. अर्जुनास हे शास्त्र सांगण्याचे कारण देताना चौथ्या अध्यायात भगवान म्हणतात की, तू माझा भक्त आहेस व सखाही आहेस. मित्रत्वाच्या पोटी गीता जन्मास आली. म्हणून गीता वाचणाराच्या हातून मित्रऋण तेवढे बाकी राहू नये, आणि स्नेह सुटला तरी सौहार्द सुटू नये, हीच त्या सर्वसुहृद प्रभूच्या चरणी प्रार्थना.